फेन्यामावशीची क्रियापदं

आजी गेली त्या आठवड्यात फेन्यामावशीला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला रशियन येत नाही.

तोवर तिची समजूत होती की येतं. जन्मापासून घरात तेच कानावर पडलेलं. आजी, म्हणजे तिची आई, रशियनमध्ये बोलायची, मावशी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींचं कधी अडलं नाही. पण शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात आजीचं इंग्रजी पार पुसलं गेलं. नर्सकडे ती पाणीसुद्धा रशियनमध्ये मागे. मावशी रोज लाकडाच्या गिरणीतली पाळी संपवून, केसांतला भुसा झटकत तिच्याजवळ जाऊन बसे. एका दुपारी आजीने विचारलं, "उद्या येशील का गं?"

मावशीला प्रश्न कळला. उत्तर काय द्यायचं तेही ठाऊक होतं. पण 'येईन' हा शब्द काही केल्या तोंडात येईना. 'ये' येत होतं. 'जा', 'बस', 'खा', 'हात धू', 'दार लाव' हे सगळं येत होतं. लहानपणी तिला जे जे सांगितलं गेलं होतं ते सगळं, आणि तेवढंच. तिने नुसती मान हलवली. आजीच्या डोळ्यांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं. तिने आणखी एकदा विचारलं आणि मग भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मावशी पोचली तेव्हा खाट रिकामी होती.

आमच्यात मयताला सगळी वस्ती जमते. टेबलावर पाव, मीठ आणि पाणी मांडतात आणि एकेकाने पुढे होऊन स्तोत्र म्हणायचं असतं. मावशीने पाठ असलेलं एक म्हटलं. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "नास्त्या, मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे, आणि मला माझ्या आईच्या भाषेत 'मी'पासून सुरू होणारं एक वाक्य बोलता येत नाही. हे असं ठेवून मी मरणार नाही."

हे शहाऐंशी सालचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि गावातल्या बेकरीत काम करत होते. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. केटल नदीच्या काठी, रशियातून आलेल्या आणि शस्त्र व मांस वर्ज्य मानणाऱ्या आमच्या दुखोबोर पंथाच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथेच जन्मली, तिथेच राहिली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव फ्लॉरेन्स होतं, कारण पहिलीच्या बाईंना फेदोस्या म्हणता येईना. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. गिरणीत ती फळ्यांची प्रतवारी करायची. पट्ट्यावरून फळी सरकत आली की एका नजरेत ठरवायचं, पहिली प्रत, दुसरी प्रत की जळण, आणि खडूने खूण करायची. त्या खात्यात ती एकटीच बाई. तिची खूण बदलण्याची मुकादमाचीही छाती नव्हती.

तर हिने रशियन क्रियापदं शिकायची ठरवलं. नावं, वस्तू, भाज्या, नाती तिला येत होतीच. अडत होतं ते क्रियापदाशी. मी करते, तू करतोस, ती करते, आम्ही केलं, ते करतील. ही साखळी तिच्याजवळ नव्हती.

गावच्या वाचनालयात रशियनचं एकच पुस्तक होतं, महायुद्धाच्या काळात फौजेतल्या लोकांसाठी छापलेलं. पहिल्या धड्यात शिपाई चालत होता. दुसऱ्यात अधिकारी हुकूम देत होता. तिसऱ्या धड्यात 'गोळी झाडणे' हे क्रियापद सगळ्या पुरुषांत आणि सगळ्या काळांत दिलेलं. आमच्या पणजोबांनी कॉकेशसमध्ये आपल्या बंदुकांचा ढीग करून पेटवून दिला होता. त्यापायी त्यांनी चाबूक खाल्ले, तुरुंग भोगला, शेवटी देश सोडून इथे आले. मावशी 'मी गोळी झाडते' हे मोठ्याने वाचेना. तिने ते पान उलटलं. पुढच्या पानावर तोफ होती. दुसऱ्याच दिवशी तिने पुस्तक परत केलं आणि आत चिठ्ठी ठेवली: यातली क्रियापदं आमच्या घरात चालत नाहीत, दुसरं पुस्तक मागवा.

मग टोरांटोहून टपालाने सहा कॅसेट मागवल्या. त्यातला माणूस जाड आवाजात हॉटेलमध्ये खोली मागायचा, सामान उचलायला सांगायचा आणि दर दोन वाक्यांनी गाईच्या मांसाचे कटलेट मागवायचा. मावशी जन्मात मांसाला शिवलेली नाही. पिकअप चालवताना तो बोलला की ही मध्येच "मी बटाटे मागवते" असं ठणकावून सांगे. ते एक वेळ चाललं असतं. पण त्या कॅसेटमध्ये सगळे एकमेकांना 'आपण' म्हणत. 'तू'चं रूप कुठेच नाही. सहाव्या कॅसेटनंतर तिने विचारलं, "आईला कोणी 'आपण' म्हणतं का गं?" आणि खोका फळीवर टाकून दिला.

तिसरं पुस्तक मात्र खरं निघालं. व्हँकूवरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी ते आणलं होतं. मॉस्कोला छापलेलं, विटेएवढं जाड. पाचशेच्या वर क्रियापदं, प्रत्येकाला एक पान, आणि पानावर घरं आखून मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. मावशी हरखली. रशियनमध्ये क्रियापदं जोडीने येतात, करत राहण्याचं एक आणि करून टाकण्याचं दुसरं, हे तिला त्या पुस्तकाने शिकवलं. ती ते गिरणीत न्यायची. जेवणाच्या सुट्टीत फळ्यांच्या ढिगावर बसून एका हाताने सँडविच खायची, दुसऱ्याने घरं झाकून रूपं म्हणायची. रोज तीन क्रियापदं, कमी नाही, जास्त नाही. चार महिन्यांनी ती म्हणाली, आता मालाशाआजीकडे जाऊन बोलून बघते.

मालाशाआजी म्हणजे आमच्या आजीची थोरली बहीण. एक्याऐंशी वर्षांची, प्रार्थनाघराच्या मागे एकटी राहायची, इंग्रजी जवळजवळ नाहीच. मीही बरोबर गेले. मावशीने दारातच उभं राहून, घोटून आणलेलं वाक्य म्हटलं, की शेजारच्या बायका तुमच्यासाठी पाव घेऊन येतायत.

मालाशाआजीने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "ही कोन रेडिओवाली आली?" ती मला म्हणाली, आणि इतकी हसली की तिला डोळे पुसायला लागले. "पोरी, तुला कुनी शिकिवलं ह्ये? आपल्यात असं न्हाई म्हनत. नेसूत न्हाई. नेसूत्य. जीब मऊ ठेव. तुजी आय कशी म्हनायची?"

तिने तो शब्द चार वेळा म्हणून दाखवला. पुस्तकात 'ते आणतात'ला 'नेसूत' आहे, शेवट कोरडा, दार आपटल्यासारखा. मालाशाआजीच्या तोंडी तो शेवट टाळ्याला हलकेच टेकून सुटायचा. फरक एवढाच, पण मावशी खाली बसली. तिला आठवलं. तिची आई असंच म्हणायची. ते येतात, ते जातात, त्यांना आवडतं, सगळ्याचा शेवट मऊ. तिने मग पुस्तकातली दहाएक क्रियापदं विचारली. सहांची रूपं वेगळी निघाली. 'ते प्रेम करतात'ला पुस्तक 'ल्यूब्यत' म्हणे आणि मालाशाआजी 'ल्यूब्युत्य'.

"मग खरं कुठलं?" मावशीने मला विचारलं. मला काय ठाऊक! तेव्हा तिने घाटापलीकडच्या कॉलेजात शनिवारचा रशियनचा वर्ग लावला आणि सोबतीला माझंही नाव घातलं.

त्या वर्गाला जायला घाट ओलांडून दीड तास लागायचा. हिवाळ्यात चाकांना साखळ्या बांधून जायचो. वर्गात आम्ही सात जण, शिकवायला इरीना ल्वोव्ना. लेनिनग्राडला शिकलेल्या, पन्नाशीच्या, नेहमी राखाडी जाकीट. बाई कामाला चोख होत्या. उच्चार हजारदा घोटून घेत, कोणाला हसत नसत, आणि क्रियापदांचे गट त्यांनी जसे समजावले तसे त्या जाड पुस्तकालाही समजावता आले नव्हते. मावशी हे आजही कबूल करते.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी मावशीला फळ्यापाशी बोलावलं आणि 'आणणे' चालवायला सांगितलं. मावशीने मी, तू, तो करत सगळी रूपं लिहिली. शेवटच्या घरात तिने 'नेसूत' लिहिलं, आणि त्याच्या शेजारी 'नेसूत्य'.

बाईंनी विचारलं, हे दुसरं काय?

"हे आमच्यात म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"माझी आई म्हणायची."

इरीना ल्वोव्नांनी लाल खडू उचलला आणि दुसऱ्या शब्दावर आडवी रेघ मारली. आवाज न चढवता त्यांनी समजावलं, की हे अडाणी माणसांचं रशियन आहे, शंभर वर्षांपूर्वी घोडे सांभाळणारे असं बोलत असतील, कुठल्याही सुशिक्षित घरात असं कोणी बोलणार नाही. तुम्ही एवढ्या कष्टाने येता, तर ही सवय मोडा, नाहीतर आयुष्यभर शेतमजुरासारखं बोलाल.

"घोडेच सांभाळायचे आमचे लोक," मावशी म्हणाली. "चांगले सांभाळायचे."

कोणीतरी हसलं. बाई नाही हसल्या. मावशी फळ्यापाशी तशीच उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं, पण आवाज गिरणीत असतो तसाच सपाट होता. "बाई, तुमचा रकाना मी भरीन. एकूण एक घर भरीन, बघाच तुम्ही. पण माझ्या आईवर रेघ मारू नका."

आणि तिने बोटाने ती लाल रेघ पुसली. शब्द अर्धा पुसला गेला, तो तिने पुन्हा लिहिला. मग जागेवर येऊन बसली.

मी मान खाली घालून वहीत काहीतरी खरडत होते. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती बाईंची नव्हती, मावशीची होती. घाट उतरताना मी तिला म्हटलं, कशाला वाद घालायचा, त्या शिकलेल्या आहेत. तिने गाडी कडेला घेतली. म्हणाली, "शाळेत मी रशियन बोलले म्हणून हातावर पट्टी खाल्ली. तेव्हा मी सहा वर्षांची होते, गप्प बसले, पुन्हा रशियन तोंडातून काढलं नाही. आता रशियनच बोलले तर ते चुकीचं रशियन म्हणून पट्टी. आता का म्हणून गप्प बसू?" तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

त्या आठवड्यात तिने शंभर पानांची एक वही आणली. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'पुस्तकाचं', उजवीकडे 'आपलं'. डावी बाजू जाड पुस्तकातून भरता येत होती. उजवी बाजू कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती होती प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात.

दर शुक्रवारी तिथे आठ-दहा म्हाताऱ्या जमून सारण भरलेल्या पिरोगी करायच्या, बटाट्याच्या, कोबीच्या, वाटाण्याच्या. गावातले लोक डझनाने विकत न्यायचे आणि त्या पैशांवर प्रार्थनाघराचं छप्पर चालायचं. मावशीने गिरणीत शुक्रवारची पाळी बदलून घेतली आणि वही घेऊन तिथे जाऊन बसली. आधी ते जमेना. कोणी कधी क्रियापद चालवलेलंच नव्हतं. मावशी विचारायची, "मी लाटते. आता पुढे, तू...?" तर मालाशाआजी म्हणायची, "मी कुटं लाटतीया? मी सारन भरतीया. लाटतीया ती पोल्या."

"बरं, पोल्या काय करते?"

"पोल्या? पोल्या नुसती बसतीया. सकाळधरनं तीन पिरोगी केल्यात तिनं."

"बसतीया काय! गुडघा बघ माजा," पोल्या तिकडून म्हणायची. आणि मग दोघींची जुंपायची, आणि त्या भांडणात बसणे, उठणे, लाटणे, खोटं बोलणे आणि लाज वाटणे ही पाच क्रियापदं सगळ्या पुरुषांत आणि दोन काळांत मावशीच्या वहीत उतरायची. तिला युक्ती सापडली. घरं भरायला प्रश्न विचारायचे नाहीत. कोणीतरी कोणाबद्दल काहीतरी बोलेल अशी कळ काढायची आणि पेन्सिल तयार ठेवायची.

सत्राच्या शेवटी कॉलेजात परीक्षा झाली. मावशीने प्रत्येक प्रश्नाला दोन-दोन रूपं लिहिली, डावी आणि उजवी. बाईंनी उजव्या प्रत्येक रूपाला चूक धरलं. पास व्हायला साठ लागत, तिला चोपन्न मिळाले. मला एकोणऐंशी. मला वाटलं, आता ती सोडेल. तिने पुढच्या सत्राची फी त्याच दिवशी भरली.

पुढच्या खेपेला तिने उत्तरपत्रिकेवर फक्त पुस्तकाची रूपं लिहिली. शंभरातले सत्त्याण्णव. वर्गात सगळ्यांत जास्त. पण प्रत्येक कागद उलटून मागच्या कोऱ्या बाजूला तिने आपली रूपं लिहून ठेवली होती, क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात. कागद परत मिळाले तेव्हा पुढच्या बाजूला तीन लाल खुणा होत्या. मागच्या बाजूला एकही नव्हती. बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मावशीनेही विचारलं नाही.

कॉलेजातलं निभावलं. खरी अडचण घरात आली.

आमच्या समाजाच्या मंडळाने त्या वर्षी मुलांसाठी रशियनचे वर्ग सुरू करायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष अलेक्स प्लानिदिन, लाकडाच्या ट्रकांचे मालक. माणूस सरळ होता. समाजासाठी खपायचा. मॉस्कोला दोनदा जाऊन आला होता आणि तिथे एका दुकानात त्याचं बोलणं ऐकून गल्ल्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या होत्या. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मावशीने शिकवायला अर्ज केला. कॉलेजचा दाखला आणि ती वही, दोन्ही घेऊन सभेला गेली, आणि म्हणाली, मी दोन्ही रकाने शिकवीन.

अलेक्सने वही चाळली. थोडा वेळ एका पानावर थांबलाही. मग मिटून टेबलावर ठेवली. म्हणाला, "फेन्या, ही आपली चुलीजवळची भाषा. ती चुलीजवळच बरी. पोरं उद्या मॉस्कोला गेली तर लोक हसतील त्यांना."

"किती पोरं जाणारेत मॉस्कोला?"

"जातील की एखाददोन."

"आणि मालाशाआजीच्या घरी किती जाणारेत? ती इथून दोनशे पावलांवर राहते, अलेक्स. परवा तुझाच नातू तिच्याशी खुणांनी बोलत होता."

अलेक्स म्हणाला, की मुद्दा भावनेचा नाही, मुद्दा शुद्धतेचा आहे, जगात एक शुद्ध रशियन आहे आणि आपलं म्हणजे गाठी पडलेलं लाकूड. त्याने हे म्हणायला नको होतं. समोर फळ्यांची प्रत लावणारी बाई उभी होती.

"गाठ म्हणजे किडकं नव्हे," मावशी म्हणाली. "तिथे फांदी होती, एवढाच त्याचा अर्थ. एकोणीस वर्षं मी गाठीवाल्या फळ्या पास करते आणि तुम्ही सगळे त्यांच्या घरात राहता. कोणाचं छप्पर पडलं असेल तर हात वर करा."

हात मतदानालाच वर झाले. नऊ विरुद्ध चार. वर्ग दर शनिवारी शहरातून येणाऱ्या एका मास्तरला द्यायचं ठरलं. माझ्या आईने नऊंच्या बाजूने हात वर केला होता. मावशीने ते पाहिलं. पुढे सहा महिने दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं.

मावशीने सभेला सांगितलं, "ठीक आहे. वर्ग तुमचा. स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे आहे. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिथे बोर्श करणार आहे. ज्याला खायचाय त्याने यावं."

पहिल्या गुरुवारी चार मुलं आली. त्यांतली दोन तर नुसती त्या बीट-कोबीच्या सारासाठीच आली होती. नियम एकच: ताट हवं तर पूर्ण वाक्यात मागायचं, आणि क्रियापद आपल्या तोंडाने लावायचं. 'दे' चालणार नाही. 'मला हवंय' चालेल, 'मी घेते' चालेल, 'हा माझं खातोय' तर फारच चालेल. मालाशाआजी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची आणि शेवट कोरडा पडला की काठीने जमीन ठोकायची. महिन्याभरात तिला काठी लागेनाशी झाली, कारण पोरंच एकमेकांच्या चुका काढायला टपलेली असायची. मंडळाने किल्ली परत करण्याबद्दल एक पत्र पाठवलं. मावशीने उत्तर पाठवलं की जेवायला या तेव्हा घेऊन जा. कोणी आलं नाही. दुसरं पत्रही आलं, त्याच्या पाठीवर तिने बीट-कोबीच्या खरेदीची यादी लिहिली.

तिथे डावा रकानाही शिकवला जायचा, हे मला सांगायलाच हवं. मावशीने इरीना ल्वोव्नांना दिलेला शब्द पाळला. ते जाड पुस्तक टेबलावर असायचं आणि मुलांना दोन्ही रूपं यायलाच हवीत असा तिचा हट्ट होता. एकदा दहा वर्षांची वार्या त्या पुस्तकात 'जिंकणे'च्या पानावर अडली. तिथे 'तू जिंकशील' होतं, 'तो जिंकेल' होतं, पण 'मी जिंकेन'चं घर कोरं. मावशीने तिला सांगितलं की छापायचं राहिलेलं नाही, रशियनमध्ये तो शब्दच नाही, फिरवून म्हणावं लागतं. मुलांचा विश्वास बसेना. एवढ्या मोठ्या भाषेत 'मी जिंकेन' नाही? सगळ्यांनी मालाशाआजीकडे पाहिलं. तिने बराच विचार केला, एकदोन रूपं ओठांत पुटपुटून पाहिली.

"न्हाई बा," ती म्हणाली. "आमाला कदी लागलाच न्हाई."

मंडळाचा वर्ग तीन वर्षं चालला. मास्तर चांगला होता, पण घाटातल्या बर्फाने त्याचे निम्मे शनिवार खाल्ले आणि मुलं गळत गेली. शेवटच्या वर्षी दोनच उरली. तो बंद झाला तेव्हा मावशीच्या गुरुवारला बावीस मुलं होती आणि बोर्शचं पातेलं दोघांना धरून उचलावं लागायचं. मंडळाने त्यानंतरही तिला शिक्षिका म्हणून कधी नेमलं नाही. कोणी येऊन चुकलं असं म्हणालं नाही. माझ्या आईने तर पहिल्याच वर्षी एका गुरुवारी येऊन कोबी चिरायला सुरी हातात घेतली होती. मावशीने तिच्यापुढे दुसरा गड्डा सरकवला, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. अलेक्स प्लानिदिनने मात्र दर हिवाळ्यात एक ट्रक जळण प्रार्थनाघराच्या मागच्या दाराशी आणून टाकलं, न विचारता, आणि त्याची नातवंडं ओळीने तिथे शिकून गेली.

मालाशाआजी ब्याण्णवाव्या वर्षी गेली. तिच्या मयताला पुढे होऊन स्तोत्र म्हणणाऱ्यांत सात मुलं होती. मी मागे उभी होते. माझं रशियन एकोणऐंशी गुणांचं. चांगलं, पण कॉलेजचं. त्या मुलांचं ऐकताना मला माझा तो वर्गातला शनिवार आठवला आणि पुढे होववेना. शेवटी मावशीनेच मला कोपराने ढकललं.

वहीच्या आता पाच वह्या झाल्या आहेत. मी त्या टाइप करून घेतल्या, सहाशे बारा क्रियापदं, आणि प्रती काढून ज्याला हव्यात त्याला दिल्या. सस्कॅचेवानच्या आमच्या लोकांकडून फोन येतात, की आमच्यात हे रूप थोडं वेगळं आहे. मावशी त्यांना म्हणते, मग तिसरा रकाना आखा, मला विचारताय काय!

चार वर्षांपूर्वी कुठल्याशा विद्यापीठातून दोन माणसं आली. त्यांना ती वही छापायची होती. मावशीने त्यांना जेवू घातलं, सगळं दाखवलं. त्यांनी प्रस्तावनेचा कागद पुढे केला. त्यात उजव्या रकान्याला एका ठिकाणी 'बिघडलेली रूपं' म्हटलं होतं. मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि कागद परत सरकवला. हा शब्द काढा, नाहीतर छापू नका. ते म्हणाले, शास्त्रात असंच म्हणतात, त्यात कमीपणा नाही. मावशी म्हणाली, "कमीपणा नाही तर मग दोन्ही रकान्यांवर लिहा."

ते विचार करून कळवतो म्हणून गेले. अजून कळवलेलं नाही. मावशी आता शहाऐंशीची आहे, गुडघे दुखतात म्हणून गुरुवारचा वर्ग आता वार्या बघते. मावशी घरी बसून टाइप केलेल्या प्रतीत पेन्सिलीने भर घालत असते. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तिच्या टेबलापाशी वस्तीतली एक नवी सून बसली होती, गावाबाहेरून आलेली, सातवा महिना. तिला 'झोपवणे' शिकायचं होतं. मावशी तिच्याकडून सहाही घरं म्हणवून घेत होती. ती 'मी झोपवते'वर अडखळली की मावशी टेबलावर बोट आपटून म्हणायची, "पुन्हा. मोठ्याने. 'मी'पासून."